डाव्या कडेचा टायर

"परत वाजव," मामंजी म्हणाले.

मी बोटं मुडपून टायरवर टकटक केलं. मामंजींनी मान तिरकी करून ऐकलं, आठवडी बाजारात बायका मडकं ऐकतात तसं, आणि हात झटकला.

"फुटका हाय. आतला दोरा तुटलाय. पलीकडचा घे."

पलीकडचाही गेला, त्याच्या पलीकडचाही गेला. दुकानामागच्या बोळात मोटारसायकलींच्या जुन्या टायरांची उतरंड रचलेली होती. सासरे पोत्यावर बसलेले आणि मी पदर खोचून एकेक टायर त्यांच्यापुढं उभा करून वाजवते आहे, असं तासभर चाललं. सातवा टायर वेगळा बोलला. आवाज दबका होता, पण भरीव.

"नख लावून बघ," मामंजी म्हणाले.

"रुततंय. पण काढलं की लगेच भरून येतंय."

"मग ह्योच. रंग्याला सांग, टायर मिळाला म्हणून."

रंग्या म्हणजे माझे धाकटे दीर, रंगराव. उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि उरलेला सगळा जीव एका जुन्या जावा गाडीत गुंतवून बसले होते. दरवर्षी माघात कोल्हापूरबाहेरच्या माळावर मोटारसायकलींची मातीवरची शर्यत व्हायची. कुस्तीखेरीज दुसऱ्या कशासाठी आमचं गाव एवढं उन्हात जाऊन बसलं असेल, तर ते ह्या शर्यतीसाठी. आदल्या दोन वर्षी भाऊजी शेवटच्या फेरीपर्यंत पोचलेच नव्हते. यंदा पोचायचंच, असं त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, त्यामुळं आता माघार नव्हती.

हे चौऱ्याहत्तर सालचं. मी एकवीस वर्षांची होते आणि लग्नाला तीन वर्षं झाली होती. आम्ही जातीचे कुंभार. माझ्या वडिलांची पंचगंगेकाठी विटांची भट्टी होती. सासरी आजेसासऱ्यांपर्यंत गाडगी-मडकी घडली आणि मामंजींनी मात्र जुन्या टायरांवर नवं रबर चढवायचा साचा आणला. धंदा का बदलला म्हणून कुणी विचारलं की ते म्हणायचे, "बदललाय कुठं? साचा हाय, भट्टी हाय. माती गेली, रबर आलं. जोवर काही भाजून इकतोय तोवर मी कुंभारच."

पण भैरू कुंभार म्हणून मामंजींचं खरं नाव होतं ते टायर कापण्यात. गुळगुळीत झालेल्या टायरवर शेगडीत तापवलेल्या पात्यानं पुन्हा खाचा पाडायच्या, की टायर आणखी वर्षभर चालतो. पातं घोड्याच्या नालेसारखं वाकवलेलं, लाकडी मुठीचं. जास्त खोल गेलं तर टायर फुटायला मोकळा, कमी गेलं तर उपयोग नाही. मामंजी एकदा पातं टेकवायचे ते थेट दुसऱ्या टोकाला उचलायचे. खाचेतून निघालेली रबराची दोरी अखंड जमिनीवर पडायची. सांगली-निपाणीहून लोक टायर घेऊन यायचे.

आदल्या दिवाळीपासून मात्र ह्यातला एकही टायर मामंजींनी कापला नव्हता. ते सगळे मी कापले होते.

झालं होतं असं, की मी चहा घेऊन गेले आणि मामंजी पातं टायरऐवजी स्वतःच्या मांडीवर टेकवायच्या बेतात होते. मी हात धरला. मग ते म्हणाले, धुकं आल्यासारखं झालंय गं, काही सुधरत नाही. कुणाला बोलू नकोस. मी बोलले नाही. त्या दिवशीचा टायर अर्धा राहिला होता, तो मी पुरा केला. लहानपणी भट्टीवर विटांच्या साच्यातली जास्तीची माती तारेनं कापायचे, हात तसा सरावलेला होता. मामंजींनी अंगठ्यानं एकेक खाच चाचपली आणि म्हणाले, "उद्या दुपारी ये."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या निम्म्या भागाला पडदा लागला. आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, जुन्या हिरव्या लुगड्याचा. पुढं मामंजी गिऱ्हाइकाशी बोलायचे, टायर घेऊन स्वतःही पडद्याआड यायचे, आणि तासाभरानं खोकत खोकत तोच टायर बाहेर न्यायचे. आत्याबाईंना ह्यातलं किती माहीत होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पडदा मात्र त्यांनीच शिवला होता.

हे एसटीत कंडक्टर, सकाळी जायचे ते रात्री यायचे. भाऊजी लेथवर. त्यामुळं दुपारचे दोन तास पडद्याआड कुणी फिरकत नसे. सकाळी भाकऱ्या, धुणं, भांडी, सगळं मी त्या दोन तासांवर डोळा ठेवून उरकायचे. शेगडीवर पातं लाल होत आलं की पोटात कसं गोड व्हायचं, ते आता सांगूनही खरं वाटणार नाही. भैरू कुंभाराला दिसत नाही हे बाहेर कळलं, तर दुकानात टायर कोण देणार? आणि टायरच आले नाहीत, तर माझं पातं गेलं.

म्हणून भाऊजींनी शर्यतीचा टायर मागितला तेव्हा मामंजींपेक्षा मीच जास्त घाबरले. रोजचा दुधवाल्याचा टायर निराळा, आणि हजारो लोकांसमोर पळणारा निराळा.

भाऊजींनी माळावरची माती रुमालात बांधून आणली होती. मामंजींनी ती पडद्याआड माझ्याकडं दिली. मी थोडी भिजवली, गोळी वळली, चिमूटभर दाताखाली धरली. मुरूम होता, पण त्यात चिकणमाती बरीच. वरून पाणी मारलं की ही माती तुपासारखी घसरणार, आणि खाली मात्र खरखरीत. मामंजींना तसं सांगितलं.

"मग कसं कापशील?" त्यांनी विचारलं.

"मधे जास्त नको. कडेला खोल आणि अरुंद. वरचा चिखल फेकून खालचा मुरूम धरला पाहिजे."

"कुठल्या कडेला?"

ह्याचं उत्तर त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या शर्यतीत गाड्या घाण्याच्या बैलासारख्या एकाच अंगाला, डावीकडं वळत फिरतात. वळताना गाडी डावीकडं कलते आणि मागच्या टायरची डावी कडच तेवढी जमिनीला लागते. म्हणून डावी कड खोल कापायची, उजवीकडं नुसत्या रेघा ओढायच्या, म्हणजे तिकडचं रबर जाड राहतं आणि टायर मजबूत राहतो. साध्या रस्त्याला असा टायर कुणी वापरणार नाही. तो फक्त त्या माळासाठी, त्या दिवसासाठी.

चार दुपारी मी तो टायर कापत होते. एकही दोरी तुटली नाही. शेवटच्या दिवशी मामंजींनी टायर मांडीवर घेऊन सगळा चाचपला आणि त्याला छातीशी धरलं. मग पडद्याबाहेर जाऊन भाऊजींना मोठ्यानं म्हणाले, "घे. परत असला कापायला सांगू नकोस, मान मोडली माझी."

शर्यतीच्या रविवारी मामंजी आणि भाऊजी पहाटेच टेम्पोत गाडी घालून गेले. ह्यांना सुट्टी होती. आत्याबाईंनी भाकऱ्या, झुणका, ठेचा, नारळ आणि कुंकवाची पुडी अशी दुरडी माझ्या डोक्यावर दिली आणि आम्ही दोघं सायकलवरून निघालो. निम्मी वाट मी कॅरिअरवर बसले, उरलेली चढाची होती म्हणून चालले. माळावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भोंग्यावर गाणी लागलेली, मधेच कुणीतरी काहीतरी पुकारायचं ते कुणी ऐकत नव्हतं, उसाच्या रसाच्या गाड्यांच्या घंटा वाजत होत्या.

आमची जावा बाभळीखाली उभी होती. भाऊजी चार पोरांना हेल्मेट घालून दाखवत होते. मामंजी दस्तगीर मिस्त्रींबरोबर चहाला गेले होते. दस्तगीर मिस्त्री सांगलीचे. तिकडच्या एका चौगुले नावाच्या गाडीवानाचं सगळं तेच बघायचे, आणि चौगुले गेल्या दोन वर्षांचा पहिला. ह्या दोन म्हाताऱ्यांची दोस्ती चाळीस वर्षांची होती आणि त्यातला एकही दिवस त्यांनी एकमेकांना बरं म्हणण्यात घालवला नव्हता.

मी दुरडी उतरवली आणि सहज टायरकडं बघितलं.

खोल कड उजवीकडं होती.

मी मागं जाऊन पुन्हा बघितलं. आपण कापलेलं आपल्याला कळतं. माझी चार दुपारची कड उजव्या अंगाला होती आणि रेघा डावीकडं. टायर रिमवर उलटा चढवला होता. चढवला कुणी, हे मला विचारायची गरज नव्हती. टायरला भाऊजी हात लावत नसत, तो मान मामंजींचा. मनात आलं, इतके दिवस बोटांवर निभावलं, आज बोटं चुकली.

भाऊजींना विचारलं असतं तर एका शब्दात मिटलं असतं. पण त्यांना विचारायचं म्हणजे मामंजींना टायरची उजवी-डावी दिसत नाही, हेच सांगायचं. मी ह्यांना बाजूला घेतलं.

"टायर उलटा बसलाय."

ह्यांनी वाकून बघितलं. "रंग्याचं कधी ध्यान असतंय का कामात? आबांनी एवढा कापून दिला तर बसवला उलटा." भाऊजींवर येत होतं ते येऊ दिलं, हे मी आजही कबूल करते.

"मामंजींना कळायच्या आत फिरवा," मी म्हटलं.

हे दुकानातच वाढलेले. गाडीचं चाक काढून टायर फिरवायला त्यांना पंधरा मिनिटं पुरे होती. पण भाऊजींच्या आणि त्या पोरांच्या नजरेसमोर फिरवायचा कसा? तेव्हा मला नारळ आठवला. आमच्यात लग्नाकार्यात बायका चाक पुजतात, कुंभाराचं चाक. मी भाऊजींना हाक मारून सांगितलं की आत्याबाईंनी गाडीचं चाक पुजून घ्यायला सांगितलंय, आणि पुजताना घरच्या गाडीवानानं तिथं थांबायचं नसतं.

"वहिनी, कुंभाराचं न्हवं, जावाचं चाक हाय ते," भाऊजी म्हणाले. पण आईचं नाव आलं म्हटल्यावर ते पोरांना घेऊन रस प्यायला गेले.

मी दुरडीखालची चादर काढून दोन्ही हातांनी पसरून धरली. त्याच्याआड ह्यांनी चाक उतरवलं, लोखंडी पट्ट्यांनी टायर उचकटला, फिरवून बसवला आणि पंपानं हवा भरली. पूजा होणार म्हणून शेजारच्या गाडीवाल्याची बायको हात जोडून उभी राहिली. मग खोटं नको म्हणून मी खरंच टायरला कुंकू लावलं आणि नारळ फोडला. तिलाही खोबरं दिलं.

पहिल्या फेरीला गाड्यांच्या दोन तुकड्या केलेल्या, आमच्या तुकडीत सहा गाड्या होत्या. प्रत्येक तुकडीतले पहिले चार शेवटच्या शर्यतीत जाणार. मी दोरीपाशी बायकांत उभी राहिले, मन अगदी हलकं झालेलं. निशाण पडलं, धुरळा उठला, गाड्या सरळ सुटल्या, पहिल्या वळणाशी पोचल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या उजवीकडं वळल्या.

मी शेजारच्या बाईचा दंड धरला. "उजवीकडं का वळल्या?"

"अगं, यंदा उलटं फिरायचं हाय. सकाळधरनं भोंग्यावर सांगत्यात की. पाहुण्यांचा मंडप चुकून वळणाच्या तोंडावर घातलाय, एखादी गाडी आत शिरंल म्हणून फौजदारांनी उलटं फिरवायला लावलं. तुला काय झालं गं? बस खाली."

मी बसले नाही. आमची जावा वळणावर कललेली मला दिसत होती. तिच्या उजव्या कडेला नुसत्या रेघा होत्या. चिखलावर तिचं मागचं चाक म्हशीच्या शेपटीसारखं इकडून तिकडं हलत होतं. प्रत्येक वळणाला भाऊजी बाहेर फेकले जात होते आणि बाकीचे आतून पुढं जात होते. दोरीच्या पलीकडच्या अंगाला मामंजी कानामागं हात धरून उभे होते. त्यांची मान हळूहळू खाली गेली. शेवटच्या चकरीत दोन गाड्या एकमेकींत अडकून पडल्या, म्हणून आमचा चौथा नंबर आला. लायकीनं नव्हे, नशिबानं.

बाभळीखाली मी पोचले तोवर दहाबारा माणसं जमली होती. भाऊजींनी हेल्मेट दुरडीवर आपटलं. आबा, तुमचा टायर जमीनच धरत नाही, असं ते म्हणत होते. दस्तगीर मिस्त्रींना अशी संधी रोज मिळत नसे. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "भैरू, टायर कापलास का भाकरी थापलीस?"

माणसं हसली. नेहमीसारखं उलट बोलायचं सोडून मामंजी खाली बसले, टायरवर हात फिरवला, डावी कड चाचपली, उजवी चाचपली, परत डावी चाचपली.

"सकाळी मी फिरवला हुता," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "रंगा नाव द्यायला गेला तवा. भोंग्यावर उलटं म्हणाले म्हणून फिरवला." मग त्यांचा हात टायरवरच थांबला. "का न्हवता फिरवला? फिरवता फिरवता परत तसाच घातला असंल. चुकलं असंल माझंच."

मामंजींना मी शेवटपर्यंत कधी रडताना बघितलं नाही. पण ती बोटं टायरवर तशी थांबलेली बघणं मला सहन झालं नाही. गेले तीन महिने त्या माणसाचा स्वतःच्या बोटांवर तेवढा भरवसा उरला होता, आणि तोही मी काढून घेतला होता.

सासऱ्यांशी चार परक्या पुरुषांदेखत बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी पदर नीट घेतला.

"मामंजी, तुमचं चुकलं न्हाई. तुम्ही बरोबर बसवला हुता. मी फिरवला."

"मी फिरवला, आबा," हे म्हणाले. "हिनं सांगितलं म्हणून."

भाऊजी आमच्या दोघांकडं बघत राहिले. "आणि वहिनीला काय कळतंय टायरातलं?"

मी जमिनीकडं बघितलं. उत्तर तोंडात होतं, पण ते माझं एकटीचं नव्हतं. तिथं सांगलीचे, निपाणीचे, गल्लीतले, सगळे उभे होते. एवढ्यांच्या कानावर गेलं की उद्या दुकानाला कुलूप.

"तिला न्हाई कळणार तर कुणाला कळंल?" मामंजी म्हणाले. ते अजून खालीच बसले होते. "टायर तिनंच कापलाय. दिवाळीपासनं माझ्या दुकानातनं जेवढे गेले तेवढे सगळे तिनं कापल्यात. मला दिसत न्हाई."

दस्तगीर मिस्त्रींनी कमरेवरचे हात काढले आणि ते मामंजींजवळ उकिडवे बसले.

"किती दिसत न्हाई?"

"तुझं थोबाड दिसत न्हाई. तेवढं एक बरं झालंय."

"आणि मग उलटं फिरणार हाय हे आमच्या आधी तुला कळलं कसं?"

"भोंग्यावर तीनदा सांगितलं, लेका. तुम्ही डोळं असलेली माणसं ऐकताय कुठं?"

पहिलं हसू ह्यांना आलं. मग भाऊजींना. मामंजींनी टायरवर थाप मारली आणि माझ्या दिशेला मान केली.

"उभी काय ऱ्हायलीस? आता लपवायला काय उरलंय? बस खाली आणि कर सरळ. शेवटची फेरी लागंल."

मी बसले. पदर कमरेला घट्ट खोचला आणि हात पुढं केला, तर हातात आल्या त्या दस्तगीर मिस्त्रींच्या पट्ट्या. "ह्या घे, पोरी. तुझ्या सासऱ्याच्या बोथट झाल्यात, त्याच्यासारख्याच." ह्यांनी चाक काढून दिलं, उरलेलं मी केलं. भोवतीचा घोळका वाढतच होता. मंडपातल्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या. टायर रिमवरून सुटल्यावर तो आवाज आला, टपकन, आणि मग मला भोवतालचं काही दिसेना. फक्त टायर दिसत होता.

हवा भरून झाली तेव्हा माझ्या मनात आलं म्हणून मी मूठभर माती उचलली. उन्हानं वरचा चिखल वाळत आला होता, तूप जाऊन आता पीठ झालं होतं. मी थोडी हवा सोडली.

"वहिनी, हवा कशाला काढताय?" भाऊजी कळवळले.

"टायर जरा पसरू दे. आता चिखल न्हाई, धूळ हाय. पसरला तर धरंल."

भाऊजींनी बापाकडं बघितलं. "माझ्याकडं काय बघतोस?" मामंजी म्हणाले. "गाडी तुझी. टायर तिचा."

शेवटच्या शर्यतीला आठ चकरा होत्या. मी ह्या वेळी बायकांत गेले नाही, मामंजींजवळच उभी राहिले. पहिल्या वळणाला भाऊजी सहावे होते. वळणातून बाहेर पडले तेव्हा चौथे. मामंजी कानामागं हात धरून उभे होते आणि मी न सांगताच म्हणत होते, "आता धरतोय. ऐक. आता धरतोय बघ." मी त्यांना कोण कुठं आहे ते सांगत राहिले आणि ते मला टायर काय करतोय ते सांगत राहिले. पाचव्या चकरीला भाऊजी दुसरे आले. पुढं फक्त चौगुले. शेवटच्या वळणाला त्यांनी आतल्या अंगानं चाक घातलं, दोन्ही गाड्या हॅण्डलला हॅण्डल लावून आल्या, आणि चौगुले हातभर पुढं निघून गेला.

दुसरा नंबर आला. बक्षीस मिळालं स्टीलची कळशी. भाऊजी ती डोक्यावर घेऊन नाचत आले.

दस्तगीर मिस्त्री त्यांच्या गाडीवानाचा हार-तुरा सोडून आधी आमच्या बाभळीखाली आले. गरम टायरवर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. एका जागी कुंकवाचा डाग अजून राहिला होता, त्याच्याकडंही बघितलं.

"भैरू," ते म्हणाले, "म्हणजे भाकरी थापणारीनंच टायर कापला म्हण की."

"तरीच लवकर फुगला," मामंजी म्हणाले.

येताना मी कॅरिअरवर कळशी मांडीत घेऊन बसले. रंकाळ्यापाशी हे सायकल मारता मारता म्हणाले, मला सांगायचं तरी होतंस.

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

"तिकीट काढलं असतं," हे म्हणाले. "पडद्याच्या आत यायचं."

सोमवारी दुपारी चहा घेऊन दुकानात गेले तर पडदा नव्हता. खिळे होते, दोरी होती, पडदा नव्हता. शेगडी पुढच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवलेली. मी आत जाऊन आत्याबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, मळला हुता, धुवायला टाकला. तो धुवून कधीच परत आला नाही. पुढं पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी वाकळ शिवली, तिच्या मधोमध मला तो हिरवा तुकडा दिसला, कडेला रबराच्या काळ्या डागासकट. ती वाकळ अजून माझ्याकडं आहे.

पडदा गेल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं, त्यानं मला बघितलं आणि टायर बगलेत मारून निघून गेलं. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा शिरोळचा दूधवाला होता. त्यानं विचारलं, भैरूमामा न्हाईत का? मामंजी पायरीवर बसले होते. त्यांनी त्याचा टायर घेतला, वाजवला आणि माझ्याकडं सरकवला. "चांगला हाय. काप." दूधवाल्याला घाई होती, तो थांबला. दिवाळीपर्यंत पहिले दोघंही परत आले.

त्या दिवाळीनंतर मिरजेला मामंजींच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा आला. चष्मा लावून घरी आले ते चहासुद्धा न घेता थेट दुकानात गेले. मी कापत होते. त्यांनी माझ्या हातातला टायर काढून घेतला, उन्हात नेला आणि वर्षभर फक्त अंगठ्यानं वाचलेलं माझं काम पहिल्यांदाच डोळ्यांनी बघायला लागले. सगळा टायर फिरवून बघितला. मी पातं शेगडीवर ठेवून उभी होते. मनात म्हटलं, झालं, आता मामंजींना दिसतंय.

"वाकडं हाय," ते म्हणाले. "हिथं बघ. माझी रेघ कधी वाकडी गेली न्हाई."

"व्हय, मामंजी."

त्यांनी टायर माझ्या मांडीवर परत ठेवला. मग पायरीवर जाऊन बसले आणि चष्म्यातून रस्त्यावरची येणारी-जाणारी माणसं बघत राहिले, नवी असल्यासारखी. पातं शेगडीवर लाल होत आलं. मी जरा वेळ वाट बघितली.

त्यांनी ते परत मागितलं नाही, म्हणून मी उचललं.